सालीवरील साक्ष आणि नावाचा खंड

एप्रिल-मेच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या बाजारात हापूसची पेटी घेणारे चिकित्सक गिऱ्हाईक एक परीक्षा हमखास करते. आंबा ते नंतर हुंगते. आधी पेटीच्या तळाचा पेंढा बाजूला सारून खाली घातलेल्या रद्दी कागदाची लिपी पाहते. कागद मराठी वर्तमानपत्राचा असेल तर माल कोकणचा, कानडी असेल तर घाटावरून आलेला, असा हा सरळ हिशेब. हा हिशेब व्यापाऱ्यालाही ठाऊक असतो, आणि मराठी रद्दी ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. तेव्हा चारशे-पाचशे रुपये अधिक मोजून घेतलेली पेटी देवगडची की आणखी कुठची, याचा निर्णय अखेर विक्रेत्याच्या शब्दावरच सोपवावा लागतो.

फळ कोठले आहे हे फळालाच विचारता येईल काय, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचारला, आणि त्याचे बऱ्याच अंशी होकारार्थी उत्तरही मिळविले. फ्रान्समधील माँपेलिए येथील ‘सिराद’ या कृषिसंशोधन संस्थेत दिदिए माँते आणि त्यांचे सहकारी यांनी प्रथम व्हिएतनामहून येणाऱ्या पंगस माशांवर आणि नंतर फळांवर हे काम केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासाचा विषय होता इजिप्तमधील रसभरी, म्हणजे कागदासारख्या वेष्टनात वाढणारे ते लहानसे आंबटगोड फळ. काल्युबिया, मिनुफिया, बेहेरा आणि अलेक्झांड्रिया या चार प्रांतांतून फळे आणली गेली. त्या फळांवर राहणाऱ्या यीस्टचा डीएनए वेगळा काढून तपासला, तेव्हा प्रत्येक प्रांतातील यीस्ट-समुदायाची घडण निराळी आणि ओळखता येण्याजोगी आढळली. पुढे २०११ मध्ये मालीतील शिया वृक्षाच्या फळांवर, या वेळी बुरशीचा डीएनए घेऊन, याच दिशेने काम झाले.

यामागील कल्पना मुळात साधी आहे. झाडावर वाढणारे फळ निर्जंतुक नसते. त्याच्या सालीवर जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांची एक वसाहत असते. त्या वसाहतीचे रहिवासी त्या ठिकाणची माती, पाणी, वारा, कीटक, आसपासची झाडेझुडपे, आणि अर्थातच शेतकऱ्याने केलेल्या फवारण्या यांनी ठरतात. सूक्ष्मजीव वाऱ्याबरोबर सर्वत्र पोहोचत असले तरी कोणी कोठे तग धरावा हे परिसर ठरवितो, हा विचार डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी १९३४ मध्येच मांडला होता. त्याचा व्यापारी उपयोग होण्यासाठी दोन गोष्टींची वाट पाहावी लागली. कार्ल वूज यांनी १९७७ च्या सुमारास दाखवून दिले की पेशीतील रायबोसोमच्या घडणीशी संबंधित जनुकांवरून सूक्ष्मजीवांची वंशावळ लावता येते. मग १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या अल्पशा अंशाच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर ही युक्ती सुचली. १९९३ पासून या प्रती एका विशिष्ट जेलमधून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने सरकवून वेगळ्या करण्याची पद्धत सूक्ष्मजीव-समुदायांच्या अभ्यासात आली. या जेलमध्ये डीएनएचे दोन धागे सुटे करणारे रसायन वरून खाली वाढत्या प्रमाणात असते. निरनिराळ्या जातींचे तुकडे लांबीने सारखे असले तरी घडणीने वेगळे असल्यामुळे ते वेगवेगळ्या पातळीवर अडकून थांबतात, आणि जेलवर आडव्या रेघांची एक मालिका उमटते. दुकानातील वस्तूच्या वेष्टनावरील बारकोडशी तिचे साम्य असल्यामुळे संशोधकांनी तिला ‘जैविक बारकोड’ म्हटले. आता रेघा मोजण्याऐवजी लक्षावधी तुकड्यांचा क्रमच थेट वाचणारी यंत्रे उपलब्ध आहेत. तत्त्व मात्र तेच आहे.

येथे कोणी विचारील, की सूक्ष्मजीवांच्या मागे लागण्यापेक्षा फळाचाच डीएनए का तपासू नये? हापूसचे उदाहरण याचे उत्तम उत्तर देते. हापूसचे झाड हे कलम असते. देवगडच्या कलमाची काडी धारवाडला नेऊन बांधली तर तेथे होणारे झाड वंशाने देवगडचेच असते. अलीकडे तर कोकणातून नेलेल्या काड्यांवर आफ्रिकेतील मलावी देशात बागा उभ्या राहिल्या, आणि तेथला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे कोकणातील झाडे जेमतेम मोहरत असताना, वाशीच्या बाजारात येऊ लागला. ही सारी एकाच घराण्याची मंडळी. त्यांचा डीएनए फार तर ‘हा हापूस आहे’ एवढे सांगेल. कोणत्या मातीतला, हे सांगणार नाही. ते सांगू शकतील असे साक्षीदार दोनच: फळात उतरलेली त्या मातीपाण्याची रासायनिक खूण, आणि सालीवर वस्तीला आलेले हे भाडेकरू.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय नाही. रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेला खंडाचा सिद्धांत पदवीच्या वर्गात शिकविला जातो तो असा, की सुपीक जमिनीला मिळणारे अधिक उत्पन्न हे मालकाच्या कष्टाचे फळ नसून जमिनीच्या वेगळेपणाचा मोबदला असतो. या वेगळेपणाला आता बाजारात आणखी एक रूप आले आहे, ते म्हणजे नावाचे. दोन आंब्यांच्या चवीत एखाद्याला फरक कळो वा न कळो, ‘देवगड’ या चार अक्षरांना निराळा भाव आहे. हा नावाचा खंड होय. भारतात भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून अमलात आला, तो या खंडाला मालकी हक्काचे रूप देण्यासाठीच. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला हे निर्देशन मिळाले. खोटे निर्देशन लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. तरतूद कडक आहे. परंतु पेटी खोटी आहे हे सिद्ध कसे करावयाचे, यावर सगळे अडते. पुराव्याविना मिळालेला हक्क हा कागदावरचा हक्क.

पुरावा नसलेल्या बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले. निबंधाच्या नावात योगायोगाने एक फळच आहे. अमेरिकन बोलीत फसव्या, नादुरुस्त मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात, आणि निबंध जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी होता. माल चांगला की वाईट हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी भाव देऊ करतो. तो भाव अस्सल मालवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून अंग काढून घेतो, त्यामुळे सरासरी आणखी खाली जाते. ही घसरण कोठवर जाईल याला सीमा नसते. पेटीत काय निघेल या धास्तीने गिऱ्हाईक हात आखडते घेऊ लागले, की त्याची किंमत खोटी पेटी विकणाऱ्यास नव्हे, तर कातळ फोडून, खड्डे खणून, माती भरून बाग उभी केलेल्या माणसास द्यावी लागते. कर्नाटकातील बागायतदाराचेही यात हित नाही. त्याच्या आंब्यात लबाडी काही नाही, लबाडी पेटीवरील नावात आहे. ती करणारा नेहमी परप्रांतातलाच असतो असेही समजू नये; कोकणात आणून, कोकणातच पेटीत भरलेला माल कोकणचा म्हणून रवाना होतो, ही तक्रार खुद्द कोकणातच ऐकू येते. परक्या नावाखाली माल विकला जात राहिला की धारवाडच्या हापूसला स्वतःचे नाव कधीच मिळत नाही. चांगला माल पिकवूनही तो बागायतदार कायमचा निनावी राहतो.

अशा परिस्थितीत सालीवरील साक्ष ही वरदानच वाटेल. पण साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डेव्हिड मिल्स, निकोलस बोकुलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षांच्या रसाचे दोन हंगामांतील पावणेतीनशेच्या आसपास नमुने तपासले. नापा, सोनोमा आणि मध्य किनाऱ्यावरील द्राक्षांचे सूक्ष्मजीव निरनिराळे होते, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की द्राक्षाचे वाण बदलले की समुदाय बदलत होता, आणि वर्ष बदलले तरीही बदलत होता. याचा अर्थ, गेल्या वर्षीच्या नमुन्यांशी या वर्षीचे फळ ताडून पाहिले तर उत्तर चुकण्याचा संभव आहे. अवकाळी पाऊस पडला, बुरशीनाशकाची एक फवारणी जास्त झाली, शेजारच्या बागेने सेंद्रिय पद्धत धरली, की सालीवरील वसाहतीत उलथापालथ होणार.

शिवाय फळाचा प्रवास. हापूस झाडावरून उतरतो, गवताच्या अढीत पिकतो, हमालाच्या, दलालाच्या, किरकोळ विक्रेत्याच्या हातून जातो. अढीच्या गवताचे स्वतःचे सूक्ष्मजीव असतात, हातांचेही असतात. परदेशी जाणाऱ्या मालावर तर आणखी संस्कार होतात. युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया, जपानसाठी उष्ण बाष्पाची, आणि २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा खुली झाली ती विकिरणाच्या अटीवर. पीसीआर जिवंत आणि मृत असा भेदभाव करीत नाही, मेलेल्या जिवाणूचा डीएनएही बोलतो, हे येथे उपयोगी पडते. तरी धुऊन गेलेले ते गेलेच. मूळ वस्तीचे रहिवासी आणि वाटेत चढलेले उतारू यांचा निवाडा करण्यासाठी बागेतील, अढीतील आणि बाजारातील असे तिन्ही ठिकाणचे नमुने लागतात.

या अनिश्चिततेचे अंकगणित विद्यार्थ्यांनी एकदा करून पाहावे असे आहे. समजा, बाजारात देवगडच्या नावाने १००० पेट्या आहेत. त्यांपैकी ९०० खऱ्या आणि १०० खोट्या. परीक्षा शंभरात नव्वद वेळा बरोबर उत्तर देते असेही धरू. मग १०० खोट्या पेट्यांपैकी ९० पकडल्या जातील. पण ९०० खऱ्या पेट्यांपैकीही ९० ‘खोट्या’ ठरतील. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या १८० पेट्यांपैकी निम्म्या निर्दोष! खोट्या पेट्यांचे प्रमाण १००० त ५०० असते तर चित्र पालटते. तेव्हा ४५० चोर आणि ५० साव सापडतात. म्हणजे लबाडी फार असते तेव्हा ही परीक्षा बरीच विश्वासार्ह, आणि तिच्याच धाकाने लबाडी कमी झाली की तिचा निर्णय संशयास्पद. एवढ्या भांडवलावर कोणा बागायतदाराला तुरुंगाची वाट दाखविता येणार नाही. एखाद्या पेढीच्या मालावर वारंवार संशय आला तर तिची खरेदीची कागदपत्रे उघडावयाला लावणे, हा तिचा योग्य उपयोग होय.

कागदपत्रांची व्यवस्था मुळीच नाही असे नव्हे. युरोपीय संघाने २००२ च्या अन्न कायद्यान्वये २००५ पासून प्रत्येक व्यापाऱ्याला, माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, याची नोंद ठेवणे बंधनकारक केले. भारतातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केले. त्यामुळे नाशिक-सांगलीकडील द्राक्षाची पेटी परदेशातील गोदामातून थेट बागेपर्यंत मागे नेता येते. २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत आणली, आणि ज्याच्याकडे जितकी झाडे त्याला त्या मानाने स्टिकर असा हिशेब ठेवला. अर्थशास्त्रीय दृष्टीने ही मोठी मार्मिक योजना आहे, कारण एकूण स्टिकर एकूण उत्पादनापलीकडे जाऊ शकत नाहीत. तिला असलेला धोका एकच: पीक कमी आलेल्या वर्षी उरलेले स्टिकर विकाऊ होतात. सालीवरील साक्षीची खरी गरज आहे ती नेमकी येथे. कागद आणि फळ यांची फारकत झाली आहे का, एवढेच तिने मधूनमधून, अचानक नमुने घेऊन पाहावे.

यानंतरचा प्रश्न खर्चाचा आणि मालकीचा. तो दुय्यम समजला जातो, हीच चूक आहे. कोणतेही फळ कोठले हे ठरविण्यासाठी ताडून पाहायला संदर्भनमुन्यांचा संग्रह लागतो. तालुक्यातालुक्यातील बागांचे नमुने, तेही दरवर्षी नवे. युरोपात मद्यांच्या बाबतीत असा संग्रह १९९१ पासून आहे. तेथे सूक्ष्मजीवांऐवजी द्राक्षरसातील मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहतात, आणि सभासद राष्ट्रे दर हंगामात द्राक्षे गोळा करून त्यांची मापे या संग्रहात भरतात. हा संग्रह कोणा मद्य-कंपनीच्या तिजोरीत नाही, तो सार्वजनिक यंत्रणेच्या हाती आहे. त्यामुळे लहान उत्पादकाला बड्या व्यापाऱ्याविरुद्ध, आणि व्यापाऱ्यालाही उत्पादकाविरुद्ध, त्याचा आधार घेता येतो.

येथे याउलट घडण्याची भीती अधिक आहे. एखाद्या खाजगी प्रयोगशाळेने किंवा निर्यातदाराने बागाबागांतून नमुने गोळा केले, संग्रह आपल्या मालकीचा ठेवला आणि दर पेटीमागे प्रमाणपत्राचे शुल्क ठरविले, तर पाचशे कलमांचा मालक ते देऊन मोकळा होईल. वीस कलमांचा शेतकरी, जो बहुधा मोहोर येण्यापूर्वीच दलालाकडून उचल घेऊन बसलेला असतो, तो देऊ शकणार नाही. त्याचा अस्सल देवगड हापूस प्रमाणपत्रावाचून ‘संशयित’ ठरेल आणि पडत्या भावाने त्याच दलालाकडे जाईल, जो पुढे प्रमाणपत्र घेऊन चढ्या भावाने तो विकील. नावाचा खंड जमिनीतून निघाला, पण जमिनीवर राबणाऱ्याकडे न राहता प्रमाणपत्रवाल्याकडे गेला, असा हा व्यवहार होईल. अन्नसुरक्षा, सेंद्रिय प्रमाणन अशा प्रत्येक नव्या दाखल्याबरोबर या वाटेने थोडेबहुत पाणी मुरतेच.

आणखी एक शोध या संदर्भात लक्षात ठेवावा लागेल. २०२० मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी जिवाणू आणि यीस्ट यांचे, उगवू न शकणारे, पण डीएनएत मुद्दाम कोरलेली खूण वाहणारे बीजाणू तयार केले. ते मालावर फवारले की धुण्या-उकळण्यानेही सहजासहजी नाहीसे होत नाहीत आणि मालाची वाट ओळखता येते. ऐकायला हे माँपेलिएच्या पद्धतीचे पुढचे पाऊल वाटते. वस्तुतः ती निराळी गोष्ट आहे. सालीवरील नैसर्गिक वसाहत ही त्या भूमीची आहे, तिच्यावर कोणाचे पेटंट नाही. फवारलेली खूण मात्र फवारणाऱ्याची. ती फळाच्या जन्मस्थानाविषयी काहीच सांगत नाही. फवारणी कोठे झाली एवढेच सांगते. परजिल्ह्यातील आंबा रत्नागिरीत आणून त्यावर अशी खूण मारली, तर खूण तितक्याच निष्ठेने खोटे बोलेल.

म्हणूनच हे काम कोणाकडे असावे याचा निर्णय यंत्रे खरेदी करण्यापूर्वी व्हावा. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ हापूसच्या निर्देशनासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी एक होते. संदर्भसंग्रह तेथे असणे स्वाभाविक ठरेल. चाचणीचा खर्च बागेच्या फाटकाशी न आकारता, जो ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ हे नाव लावून शहरात घाऊक विक्री करतो त्याच्याकडून, मालाच्या किमतीच्या प्रमाणात घ्यावा. नमुने घाऊक बाजारात आणि किरकोळ दुकानांत घ्यावेत, कारण फसवणूक तेथे पूर्ण होते. संग्रहात धारवाड-हावेरीचे आणि वलसाडचे नमुनेही असले पाहिजेत. दुसरे कोण हे ठाऊक असल्यावाचून पहिला ओळखता येत नाही, आणि त्या भागांना उद्या स्वतःचे नाव मिळवायचे झाल्यास तोच संग्रह त्यांच्याही कामी येईल. हापूसचे पहिले फळ सर्वसाधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत उतरते. मलावीची खोकी त्याआधीच वाशीला आलेली असतात. त्यांच्या सालीवरील नमुने घेण्यास देवगडचा मोहोर फळाला येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.